देव आहे, नाही, की ठाऊक नाही? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ग्रहणाचा धडा असो की साथीच्या रोगांचा, तास संपता संपता एखादा हात वर यायचाच, "बाई, तुम्ही देव मानता का?" निवृत्त झाल्यावर तेच प्रश्न आता मोबाइलवर येतात. जुने विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधी रात्री अकराला अनोळखी नंबरवरून मोठा निरोप येतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. माझी बाजू आधीच सांगते. मी अज्ञेयवादी आहे आणि माझी आई दर शुक्रवारी अंबाबाईला जाते. आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी या तीन शब्दांच्या घोळातून बापलेकांनी वर्ष-वर्ष अबोला धरलेला मी पाहिला आहे. त्यासाठी हा खटाटोप.

१. आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

देव आहे असं जो मनापासून धरून चालतो तो आस्तिक. जो तसं धरत नाही तो नास्तिक. देव आहे की नाही हे आपल्याला कळलेलं नाही, कदाचित माणसाला कळण्यासारखंही नाही, असं जो म्हणतो तो अज्ञेयवादी.

यात गोम अशी की पहिले दोन शब्द "मानता का?" या प्रश्नाचं उत्तर देतात आणि तिसरा "माहीत आहे का?" या प्रश्नाचं. मे महिन्यात दुपारी पन्हाळ्याच्या बाजूला अंधारून आलं की आई वाळवण आत घेते. वळीव येणार असं ती मानते. येणारच हे तिला माहीत आहे का? नाही. तरी पापड आत आलेले असतात. मानणं आणि माहीत असणं यांत एवढं अंतर असतं. पुढची बरीचशी उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

२. अज्ञेयवादी म्हणजे कुंपणावर बसलेला माणूसच ना? धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

हा शब्द ज्यानं घडवला तो टॉमस हक्सली कुंपणावर बसणारा मुळीच नव्हता. डार्विनच्या बाजूनं भर सभेत भांडणारा तो इंग्रज जीवशास्त्रज्ञ. १८६९ साली त्यानं स्वतःसाठी हे नाव घेतलं, कारण भोवतीचे सगळेच जण विश्वाचं कोडं सुटल्यासारखं बोलत होते आणि त्याला मात्र ते सुटलेलं दिसत नव्हतं. ज्या गोष्टीला पुरावा नाही ती खात्रीनं सांगू नये, हा त्याचा नियम. तो पाळायला कष्ट पडतात, कारण "मला ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला दोन्ही बाजूंचे लोक बोल लावतात.

आपल्याकडं गोपाळ गणेश आगरकरांचा कल याच बाजूचा होता. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेला हा समाजसुधारक मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून वाढला, आणि बालविवाह, केशवपन यांवर त्यानं इतकं रोखठोक लिहिलं की पुण्यात त्याची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. देवाबद्दल निकाल न देणारा माणूस बाकी कशातच ठाम नसतो, हा समज खोटा आहे.

आणखी एक बारकावा. 'अज्ञात' म्हणजे आज माहीत नसलेलं. 'अज्ञेय' म्हणजे कधीच कळू न शकणारं. बरेच जण स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतात, पण त्यांचं म्हणणं पहिल्या प्रकारचं असतं, उद्या पुरावा मिळाला तर बघू. माझंही तसंच आहे.

३. एकाच वेळी नास्तिक आणि अज्ञेयवादी असता येतं का? की एकच काहीतरी निवडायचं?

येतं. प्रश्न दोन असल्यामुळं (प्रश्न १ पाहा) उत्तरांच्या जोड्या चार होतात. देव मानणारा आणि "मला अनुभव आलाय, मला माहीत आहे" म्हणणारा. देव मानणारा, पण माहीत असल्याचा दावा न करणारा. न मानणारा, पण छातीठोकपणे नाही न म्हणणारा. आणि न मानणारा, वर देव नाहीच याची खात्री असलेला.

यातला दुसरा प्रकार आपल्याकडं किती मोठा आहे याकडं कुणी लक्ष देत नाही. आमच्या शेजारच्या आजी तुळशीला पाणी घालता घालता म्हणायच्या, "हाय का न्हाई कुणाला ठावं बाई, पर हात जोडल्याबिगर दिस उगवत न्हाई बघ." पुस्तकी भाषेत त्या आस्तिक अज्ञेयवादी. मी तिसऱ्या प्रकारातली. म्हणजे "माहीत आहे का?" या प्रश्नावर आम्हा दोघींचं उत्तर एकच होतं.

४. "देव मानत नाही" आणि "देव नाही असं मानतो" यात काय फरक? शब्दांचा खेळ वाटतो.

खेळ नाही. कोर्टात आरोपी पुराव्याअभावी सुटतो तेव्हा न्यायाधीश म्हणतात, गुन्हा सिद्ध झाला नाही. त्यानं गुन्हा केलाच नाही असं ते म्हणत नाहीत. पहिला नास्तिक त्या न्यायाधीशासारखा, पुरावा पुरेसा नाही म्हणून मी मान्य करत नाही, एवढंच सांगणारा. दुसरा त्याच्या पुढं जाऊन दावा करतो, आणि दावा केला की तो पटवून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

५. मग देव नाही हे सिद्ध करून दाखवा की!

जो दावा करतो त्यानं पुरावा द्यायचा, हा व्यवहाराचा नियम. तुमच्या शेतात माझा हंडा पुरलाय असं मी म्हटलं तर खणून दाखवणं माझं काम. हंडा नाही हे सिद्ध करायला तुम्ही सगळं रान उकरत बसणार नाही. प्रश्न ४ मधल्या दुसऱ्या नास्तिकाला मात्र हा नियम तितकाच लागू आहे, हेही लक्षात ठेवा.

६. 'नास्तिक' ही शिवी कधीपासून झाली? पूर्वीही तोच अर्थ होता का?

जुन्या दर्शनांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, भाषेत आस्तिक-नास्तिक ठरायचं ते वेदांवरून. वेद प्रमाण मानणारा आस्तिक, वेदांची निंदा करणारा नास्तिक. मनुस्मृतीत हीच व्याख्या आहे. या हिशेबानं निघणारे निकाल आजच्या माणसाला चक्रावून टाकतात. अभिजात सांख्य दर्शनात जग चालवायला ईश्वर लागत नाही, पूर्वमीमांसेत यज्ञाचं फळ यज्ञच देतो, जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला तिथं जागा नाही. तरी दोन्ही आस्तिक दर्शनं, कारण वेद मान्य. जैन, बौद्ध आणि चार्वाक मात्र नास्तिक.

खुद्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२९वं सूक्त आहे, नासदीय. ही सृष्टी कुठून आली हे कोण जाणतं, असं विचारून शेवटी ऋषी म्हणतो की परमव्योमात, म्हणजे सगळ्यांत उंच आकाशात, बसून हे सगळं पाहणारा जो आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. हक्सलीच्या कितीतरी शतकं आधीची ही शंका, आणि ती वेदातच जपून ठेवलेली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

७. आम्ही जैन आहोत. रोज बस्तीत (जैन मंदिरात) जातो, आणि मैत्रीण म्हणते तुमचा धर्म नास्तिक. असं कसं?

जैन धर्मात जग निर्माण करणारा, न्याय करणारा, प्रार्थना ऐकून काम करून देणारा देव नाही. तीर्थंकर कर्मातून सुटलेले, वाट दाखवणारे. तुम्ही त्यांना वंदन करता, त्यांच्याकडं नोकरी मागत नाही. म्हणजे 'निर्माता ईश्वर' या अर्थानं तुमची मैत्रीण बरोबर, आणि श्रद्धाहीन या अर्थानं साफ चूक. बाहुबलीला किंवा इथल्या कुठल्याही बस्तीत पहाटे अभिषेकाला उभं राहिलं तर तिला हे समजावून सांगायची गरज उरणार नाही.

८. बौद्ध धम्मात देव नाही, मग बौद्ध माणूस नास्तिक की अज्ञेयवादी?

जग शाश्वत आहे की नाही, मरणानंतर तथागत (बुद्ध) असतो की नाही, अशा काही प्रश्नांना बुद्धानं उत्तरच दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस, बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला तर मरेल, असा त्याचा दृष्टांत आहे. हा पवित्रा अज्ञेयवादाच्या जवळचा वाटतो, पण भर वेगळा: आधी दुःखाचं बघा. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत देवदेवता न मानण्याची प्रतिज्ञा मात्र स्पष्ट आहे. त्यामुळं आपल्याकडचा बौद्ध समाज स्वतःची ओळख यांपैकी कुठल्याच शब्दानं सांगत नाही. तो स्वतःला बौद्ध म्हणतो, आणि ते पुरेसं आहे.

९. महात्मा फुले आणि शाहू महाराज नास्तिक होते का? भाषणात दोन्ही बाजूंचे लोक त्यांना ओढतात.

हा प्रश्न कोल्हापुरात दर जयंतीला येतो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. दोघेही नास्तिक नव्हते.

फुल्यांनी देवासाठी 'निर्मिक' हा शब्द वापरला. सगळ्यांना निर्माण करणारा एकच निर्मिक, सगळी माणसं त्याची लेकरं, मग आईला भेटायला मध्ये दलाल कशाला, ही त्यांची मांडणी. १८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला तो याच पायावर. निर्मिक मानायचा, पण पोथी, मूर्तिपूजा आणि मध्यस्थ नाकारायचा, ही भूमिका आस्तिकाचीच. देव मानायला अमुकच रूप लागतं असं थोडंच आहे!

शाहू महाराजांचं भांडण तर पंचगंगेच्या घाटावरच पेटलं. १८९९ च्या कार्तिकस्नानात पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त (वेदातले) नव्हे, शूद्रांसाठी म्हणत ते पुराणोक्त (पुराणातले) मंत्र म्हणतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. पुढं १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला आणि १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ स्थापलं. नास्तिक राजा पीठ कशाला स्थापेल? देवापर्यंत जायची वाट काही घरांनी अडवून ठेवावी, हे त्यांना मान्य नव्हतं.

पुरोहिताला विरोध केला की नास्तिक, ही समजूत म्हणूनच सोडून द्या.

१०. अंधश्रद्धा निर्मूलनवाले सगळे नास्तिकच असतात ना? आणि त्या कायद्यानं पूजेवर बंदी आली म्हणतात.

कार्यकर्त्यांत नास्तिक बरेच आहेत, हे खरं. पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जाहीर भूमिका देव-धर्माबाबत तटस्थ राहण्याची आहे. शोषणाला आणि फसवणुकीला विरोध. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीचा संशय घेऊन छळ, अशा गोष्टींना त्यात शिक्षा आहे. पूजा, यात्रा, वारी, कीर्तन यांना तो लागू नाही, तसं कायद्यातच लिहिलेलं आहे. जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हाऊन "चांगभलं" म्हणणाऱ्याला या कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही.

११. किरणोत्सवाचं शास्त्रीय कारण सांगितलं की श्रद्धा जाते का? आमच्या घरात यावरून वाद झालाय.

मावळत्या सूर्याची किरणं देवळात शिरून अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव. तो नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांच्या सुमारास आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास असतो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सगळ्यांत दक्षिणेला मावळतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर एकाच जागी, पश्चिमेच्या दक्षिणेला सतरा-अठरा अंशांवर बुडतो. ती जागा, महाद्वाराची वाट आणि गाभारा एका रेषेत येतात. म्हणून वर्षातून दोनदा. ढग, धूर किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं तर किरणं अलीकडंच थांबतात.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं. एका नोव्हेंबरात आईनं मला ओढून नेलं. गर्दीत आम्ही खांबाला टेकून उभ्या. तांबूस पट्टा फरशीवरून सरकत पुढं जायला लागला तशी कुजबुज थांबली. उजेड देवीच्या पायांवर चढला आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिचे डोळे भरले होते, आणि मी मनात अंश मोजत होते. मग मोजणं राहून गेलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सूर्यास्त बघत, खुणा करत ही रेषा साधली होती, आणि ती अजून चुकत नव्हती.

कारण कळल्यानं आईची श्रद्धा रतीभर कमी झाली नाही. तिचं म्हणणं, "सूर्याला वाट कुणी दाखवली मग?" माझंही मत बदललं नाही. किरणं कशी येतात हा माहितीचा प्रश्न, तो सुटलेला आहे. ती बघून हात जोडायचे का, हा मानण्याचा. तुमच्या घरातला वाद बहुतेक पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानं दुसरा जिंकायला बघतोय.

१२. देव असला तर फायदा, नसला तर तोटा नाही. मग मानून टाकायला काय जातं?

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पास्कल याच चालीनं विचार करत होता. दोन अडचणी आहेत. एक, कुठला देव मानायचा? पैज एकाच घोड्यावर लागत नाही. दुसरी मोठी: फायद्यासाठी मानायचं ठरवून मानता येत नाही. तोंडानं नाव घ्याल, पण आतून विश्वास बसायला हवा तो कुठून आणाल? आणि खरा भक्तही या हिशेबाला भक्ती म्हणणार नाही.

१३. मी नास्तिक. पण मुलगा आयसीयूत असताना जोतिबाला नवस बोललो. मी ढोंगी आहे का?

नाही. तुम्ही बाप आहात. काचेच्या दाराबाहेर उभा असलेला माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं नाव अशा वेळी ओठांवर येतंच. त्यावरून तुमचं मत ठरत नाही. पुढं शांतपणे विचार केल्यावर जे उरेल ते तुमचं मत.

नवस फेडायचा का, असंही तुम्ही विचारलंय. घरच्यांना जीवाला लागणार असेल तर डोंगरावर जाऊन या. तिथं नारळ फोडल्यानं तुम्ही खोटे ठरत नाही, न फोडल्यानं मुलाला काही होत नाही. डॉक्टर आणि नर्सना भेटून आभार मानायचे राहिले असतील तर तेही करा.

१४. देवाची भीती नसेल तर माणूस वाईट वागायला मोकळा नाही का?

आपल्या ओळखीतली दहा माणसं डोळ्यांसमोर आणा. वजनात मारणारा दुकानदार रोज गल्ल्यावरच्या फोटोला उदबत्ती लावतो, हे पाहिलंय ना? आणि देव न मानणारा, पण उसने घेतलेले शंभर रुपये आठवणीनं परत करणारा? उलटी उदाहरणंही तितकीच सापडतील. माणसाला लाज, माया, शब्दाची चाड शिकवणारं घर लागतं. ते घर देवघर असलेलं असेल किंवा नसलेलं.

१५. कागदोपत्री काय लिहायचं? देव न मानणाऱ्याचं लग्न, शपथ, वारसा यांचं काय?

संविधानाचं २५वं कलम सद्‌सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं की सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, आणि आपला कुठलाच धर्म नाही असंही म्हणता येतं. कोर्टात किंवा पदाची शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष' न म्हणता गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं, नोंदणी कार्यालयात ३० दिवसांची नोटीस देऊन करता येतं. तिथं कुठलाही विधी लागत नाही.

फसगत होते ती पुढं. हिंदू घरात जन्मलेला माणूस केवळ देव मानत नाही म्हणून हिंदू कायद्यांच्या बाहेर जात नाही. विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं तरी नवराबायको दोघं हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. म्हणजे मत बदललं म्हणून सातबारा बदलत नाही. कागद हलवण्याआधी वकिलाला दाखवा.

१६. वडील गेले. मी नास्तिक, थोरला मुलगा. रक्षाविसर्जनाला बसू की नको? मी नकार दिला तर आई कोसळेल.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा घरात तिरडी असतानाच.

आधी तुमच्या हातात काय आहे ते बघू. वडिलांची स्वतःची इच्छा काय होती? त्यांनी देहदान किंवा नेत्रदान सांगून ठेवलं असेल तर ते आधी, आणि तातडीनं. त्याला घरच्यांची संमती लागते, नुसता फॉर्म भरून ठेवलेला पुरत नाही. त्यांना विधी हवे होते तर हा दिवस त्यांचा आहे, तुमच्या मताच्या परीक्षेचा नाही. काहीच बोलले नसतील तर आईला विचारा.

माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही पंचगंगेवर होतो. शेणीची राख अजून कोमट होती. नैवेद्य ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळे झाडावर बसून, एकही खाली येईना. अर्धा तास गेला. मग धाकट्या काकांनी पुढं होऊन हात जोडले, "दादा, रानाची वाटणी नीट करीन. घोर लावून घेऊ नका." थोड्या वेळानं कावळा उतरला. कावळ्याला वाटणी कळते असं मी मानत नाही, तेव्हाही मानलं नव्हतं. पण दोन भावांत सहा वर्षं अडकलेलं वाक्य त्या दिवशी बोललं गेलं, साऱ्या भावकीसमोर, आणि काकांनी ते पाळलं.

म्हणून माझं उत्तर असं. जे करताना खोटं बोलल्यासारखं वाटेल ते दुसऱ्या कुणाला करू द्या. भाऊ, चुलता, बहीण, कुणीही बसू शकतं. तुम्ही शेजारी उभे राहा. रक्षा नदीत सोडायला मन घेत नसेल तर रानात खड्डा काढून तिच्यावर झाड लावा. आपल्या भागात कितीतरी घरांनी तसं केलंय आणि बहुतेक आयांना ते पटतं. आईला आदल्या रात्री सांगा, घाटावर सगळ्यांसमोर नको. तिला विचारा की वडिलांच्या आवडीचं काय करून न्यायचं, आणि तो डबा तुम्ही स्वतः उचला.